उतरणे फक्त सदस्यांसाठी

आपल्या अभियंत्यांना वस्तू बनवता येतात पण विकता येत नाहीत, आणि आपल्या व्यवस्थापकांना वस्तू विकता येतात पण ती वस्तू नेमकी काय आहे हे सांगता येत नाही, अशी खंत महाविद्यालयाच्या विद्वत्सभेत व्यक्त झाली, तेव्हा बहुतेक सभासद चहा घेत होते. खंत गंभीर असल्यामुळे कप खाली ठेवण्यात आले. प्राचार्यांनी सुचवले की, हे दोन्ही विषय यापुढे एकाच विद्यार्थ्याला, एकाच पदवीत, पूर्वीइतक्याच वर्षांत शिकवावेत.

यंत्रशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी हळूच विचारले, "म्हणजे दोन्हीकडचं अर्धं अर्धं वगळायचं?"

"वगळायचं नाही सर, एकात्म करायचं," प्राचार्य म्हणाले.

वगळणे आणि एकात्म करणे यांत फरक काय, हे कोणीच विचारले नाही. त्यामुळे ठराव सर्वानुमते संमत झाला.

एकात्मीकरणाचे काम समितीने विनाविलंब हाती घेतले. यंत्रशास्त्रातले 'घर्षण' हे प्रकरण नकारात्मक वाटल्याने ऐच्छिक करण्यात आले. हिशेबशास्त्रातला 'तोटा' विद्यार्थ्यांनी अनुभवातून शिकावा असे ठरले. वर्कशॉप आणि व्यवस्थापन विभागाचे सभागृह यांच्यामधली भिंत पाडण्यात आली, कारण पत्रकात 'भिंती पाडणारे शिक्षण' असे आधीच छापून झाले होते. भिंत पडल्यावर लेथ मशीनचा आवाज थेट वाटाघाटीच्या तासाला ऐकू येऊ लागला आणि लोखंडाचा कीस सोफ्यात शिरू लागला. त्यावर सदर मशीन फक्त सुट्टीच्या दिवशी चालवावे, असे परिपत्रक निघाले. अशा रीतीने अभियांत्रिकीचे विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी अभियांत्रिकी शिकू लागले.

त्यांपैकी एका मुलीला सगळे 'पाना' म्हणत. तिच्या खिशात कायम एक स्क्रू-पाना असे. कुठल्याही खोलीत गेली की ती आधी डुगडुगणारे बाक शोधी आणि त्याचे नट आवळून मगच बसे. ही सवय तिला एकात्म पदवीत फारशी उपयोगी पडणारी नव्हती, पण हे तिला कोणी सांगितले नव्हते.

पाना आपल्या आत्याकडे राहायची. आत्याचे घर चौथ्या मजल्यावर होते, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आत्याच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. गेले कित्येक महिने आत्या खाली उतरलीच नव्हती. खिडकीतून कोपऱ्यावरची भाजीवाली दिसायची, तिची टोपली दिसायची, पण भाजी आणायची शेजारीण.

"दुसऱ्यानं निवडलेली भाजी खायची म्हणजे दुसऱ्यानं निवडलेल्या नवऱ्याबरोबर संसार करण्यासारखं," आत्या म्हणायची. "एकदा केलाय. आता पुन्हा नको."

शेवटच्या वर्षी प्रत्येक गटाने एक वस्तू बनवायची आणि ती बाजारात आणायची, असा नियम होता. पानाने दुसरा विचारच केला नाही. जिना चढणारी आणि उतरणारी खुर्ची करायची, तिने ठरवून टाकले. भंगारातून तिने एक मोटार उचलली, तिचे वाइंडिंग नव्याने केले, पायऱ्यांच्या कडा पकडणारी चाके स्वतः घडवली. यंत्रवाले सर सुट्टीच्या दिवशी घरच्यांची बोलणी खाऊन वर्कशॉपात येऊन बसत आणि लेथवर तिच्याशेजारी उभे राहत. खुर्ची तयार झाली तेव्हा वर्कशॉपच्या माळ्यावर जाणाऱ्या जिन्याशी ती लावली. चाचणीसाठी सर स्वतः बसले, कारण उपलब्ध माणसांत तेच सर्वांत वजनदार होते. खुर्ची सरांना घेऊन वर गेली, वळली आणि ताटातले पाणीसुद्धा सांडणार नाही अशी खाली आली.

सर म्हणाले, "हं."

सरांचा 'हं' म्हणजे काय, हे पानाला ठाऊक होते. ती घरी धावत गेली.

"कधी आणतेस गं?" आत्याने विचारले.

"प्रकल्प मंजूर झाला की लगेच. तोवर ती कॉलेजची बौद्धिक संपदा आहे."

"माझ्या गुडघ्यांना बुद्धी नाही, त्यांना हे कळायचं नाही," आत्या म्हणाली. तरी तिने भाजीची कापडी पिशवी धुऊन वाळत घातली.

पानाच्या गटात आणखी एक मुलगा होता. त्याचे नाव 'स्लाइड' पडले होते. भूक लागली असे सांगायचे असले तरी तो आधी पार्श्वभूमी, मग व्याप्ती, मग उद्दिष्टे मांडत असे. मुलगा मनाने वाईट नव्हता. पहिली दोन वर्षे त्याने घर्षण ऐच्छिक म्हणून घेतलेही होते, पण त्या विषयाला दुसरे कोणीच नव्हते म्हणून तो बंद पडला.

पहिल्या सादरीकरणाला बाजारवाल्या मॅडम बसल्या होत्या. त्या बाजारशास्त्र शिकवत. खुर्चीकडे त्यांनी पाहिले नाही, कारण ती पडद्याच्या मागे ठेवली होती. त्या पडद्याकडे पाहत होत्या.

"ग्राहक कोण?" त्यांनी विचारले.

"माझी आत्या," पाना म्हणाली.

"आत्या ही बाजारपेठ नसते, बाळ. आत्या ही एक व्यक्ती असते."

"पण अशा आत्या पुष्कळ असतील ना, मॅडम."

"मग तसं म्हण की! 'आत्या-वर्ग'." मॅडमनी मान डोलावली आणि स्लाइडने लगेच पडद्यावर 'आत्या-वर्ग' असे लिहून त्याभोवती एक वर्तुळ काढले. "आता मला सांग. ग्राहक खुर्चीत बसला. खुर्ची खाली पोचली. पुढे?"

"पुढे काय? आत्या उठेल आणि भाजी आणायला जाईल."

मॅडमच्या चेहऱ्यावर खरेखुरे दुःख पसरले. "म्हणजे इतकं सगळं करून ग्राहक आपल्याला सोडून जातो!"

ही बाजू पानाच्या लक्षातच आली नव्हती.

चर्चेअंती ग्राहकाला धरून ठेवण्याचा मार्ग निघाला. चढणे सर्वांना मोफत ठेवायचे, आणि उतरणे फक्त सदस्यांसाठी.

"पण मॅडम, ज्यांना जिना झेपत नाही ते वरच अडकलेले असतात," पाना म्हणाली. "त्यांना आधी उतरायचंच असतं."

"म्हणूनच!" मॅडम म्हणाल्या. शिकवण्याचे सार्थक झाल्यासारखे त्यांचे डोळे चमकले. "गरज असेल तिथेच दार बसवायचं असतं. जिथे कोणी जात नाही तिथे दार लावून काय उपयोग?"

"पोस्टरवर 'चढणं मोफत' मोठ्या अक्षरांत घेऊ," स्लाइड म्हणाला.

पुढच्या सादरीकरणात असे आढळले की ग्राहकाचे समाधान मोजण्याची काहीच सोय खुर्चीत नाही. म्हणून हाताच्या दांडीवर एक छोटा पडदा बसवण्यात आला. वाटेतल्या एका वळणावर खुर्चीने थांबायचे आणि 'आपला अनुभव कसा होता?' असे विचारायचे, असे ठरले. लोक उत्तर न देताच उठून जातात, असा मॅडमचा अनुभव होता. त्यावर उपाय म्हणून खुर्चीचा सुरक्षापट्टा या पडद्याला जोडण्यात आला. पडद्यावर पसंतीचे तारे दिले की पट्टा सुटेल.

यंत्रवाले सर उभे राहिले. "पट्टा माणूस पडू नये म्हणून असतो. माणूस पळू नये म्हणून नव्हे."

"आपला आक्षेप नोंदवून घेतला आहे," प्राचार्य सौजन्याने म्हणाले, आणि तो खरोखरच नोंदवून घेण्यात आला. त्याच बैठकीत यंत्रभागाचे गुण कमी करून ते 'कथनकौशल्या'ला देण्यात आले.

खरा घाव तिसऱ्या सादरीकरणात बसला. व्यवस्थापनाचा एक जुना सिद्धांत असा आहे की, आपल्याला जे करणे जड जाते ते बाहेरून करून घ्यावे. खुर्चीत सर्वांत जड आणि सर्वांत महाग होती मोटार. तिचे काम काय, तर खुर्ची चढवणे आणि उतरवणे. तेव्हा चढवणे-उतरवणे बाहेरून करून घ्यावे, असा निष्कर्ष आपोआप निघाला. मोटार निघाली. मोटार नसताना चाके कशाला, म्हणून चाकेही निघाली.

"बाहेरून म्हणजे कोण उचलणार?" पानाने विचारले.

"हमाल," स्लाइड खालच्या आवाजात म्हणाला.

"तो शब्द नको," प्राचार्य म्हणाले. "उत्थान-सहयोगी म्हणा."

योगायोगाने मागच्या वर्षीच्या एकात्म पदवीधरांपैकी दोघांना अजून नोकरी लागलेली नव्हती. महाविद्यालयाच्या पत्रकात मात्र सर्वांना नोकरी लागल्याचे छापून झाले होते, आणि छापलेल्या गोष्टीचा मान राखणे हे संस्थेचे कर्तव्य असते. दोघांची उत्थान-सहयोगी म्हणून तत्काळ नेमणूक झाली.

"मोटार काढली, चाकं काढली," सर म्हणाले. "आता खुर्चीत उरलं काय?"

"ब्रँड, सर," स्लाइड म्हणाला, आणि म्हणताना त्याने नजर चुकवली.

मोटार वाया जाऊ नये म्हणून तिचीही सोय लावण्यात आली. प्रवेशद्वाराजवळच्या दालनात एक गोल चौथरा बांधला, त्याच्या पोटात मोटार बसवली आणि वर खुर्चीचा चकचकीत नमुना ठेवला. त्या दिवसापासून आत्याला उतरवण्यासाठी केलेली मोटार खुर्चीला जागच्या जागी गोल गोल फिरवू लागली. येणारे-जाणारे म्हणत, "वा, काय संथ फिरते!" वाइंडिंग उत्तम होते, यात शंकाच नव्हती.

प्रत्यक्ष वापराचे प्रात्यक्षिक आत्याच्याच इमारतीत ठेवण्यात आले. खाली फुगे लावले, पाहुणे आले, छायाचित्रकार आला. आत्या सकाळपासून ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. तिला सदस्य करून घेण्यात आले. मग दार वाजले आणि खुर्ची घेऊन दोन उत्थान-सहयोगी आत आले. एक चांगला ताडमाड होता, दुसरा बुटका.

आत्याने खुर्चीच्या खाली वाकून पाहिले. "अगं, चाकं कुठायत?"

"बाहेरून," पाना एवढेच म्हणाली.

आत्याला पट्टा बांधला आणि मिरवणूक निघाली. उतरताना उंच पुढे असावा की बुटका, यावर आधी खल झाला. बुटका पुढे राहिला. खुर्ची अशी कलली की आत्याला फक्त पायऱ्याच दिसत होत्या.

"सगळं वजन माझ्याकडेच येतंय," बुटका धापा टाकत म्हणाला. "हवं तर गणितानं सिद्ध करून दाखवतो. माझा प्रबंधच भारवितरणावर होता."

"मग तेव्हाच का नाही तो भार खाली ठेवलास, बाबा?" आत्या म्हणाली.

दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर सहयोगींनी खुर्ची नियमाप्रमाणे थांबवली. पडद्यावर 'आपला अनुभव कसा होता?' असा प्रश्न उमटला. आत्याने एक तारा दाबला. पडदा थोडा वेळ विचारात पडला. मग त्यावर आले: 'क्षमस्व. कृपया आपल्या अनुभवाचा फेरविचार करावा.'

"काकू, पाच द्या ना," उंच सहयोगी काकुळतीला आला. "पाचाशिवाय पट्टाही सुटत नाही आणि आम्हाला पुढे उचलायचीही परवानगी नाही."

"नाही देणार."

"आत्या, दे गं. नुसतं बोट तर लावायचंय," पाना म्हणाली.

"हे बघ, मी जन्मात खोटं बोलले नाही असं नाही. पुष्कळ बोललेय. पण ज्यासाठी बोलले ते काम तरी झालं होतं." आत्याने पिशवी घट्ट धरली. "मला वर तरी न्या, नाहीतर खाली तरी. मधेच कोण ठेवतं माणसाला?"

खालून पाहुण्यांच्या टाळ्या येऊ लागल्या, कारण प्राचार्यांनी त्यांना 'ग्राहक सध्या अभिप्रायाच्या टप्प्यावर आहेत' असे सांगितले होते. वरून एक बाई बादली घेऊन उतरत होत्या, त्यांना जिन्यात वाट मिळेना. त्या म्हणाल्या, "अहो, ही अडगळ बाजूला घ्या." स्लाइडने पडदा बंद करून पुन्हा चालू केला. पडद्याने आत्याला नव्याने सदस्य होण्याची विनंती केली. आत्याचे पाय लोंबकळून सुजू लागले होते. तिने खालचा ओठ दाताखाली धरला होता. पानाने आत्याला असे फक्त एकदाच पाहिले होते, काका गेले तेव्हा.

पानाने खिशातून पाना काढला आणि ती गुडघ्यावर बसली.

बाजारवाल्या मॅडम पायऱ्या चढून वर आल्या होत्या. "ए, काय करतेस? हा उत्पादनाचा भाग आहे. छेडछाड केलीस तर मी तुला नापास करेन. खरंच करेन."

"करा," पाना म्हणाली.

नट सुटला, पट्टा गळून पडला. आत्याने एक हात कठड्यावर आणि एक हात पानाच्या खांद्यावर ठेवला, आणि ती अंग तिरके करून एकेक पायरी उतरू लागली. प्रत्येक पायरीला तिच्या तोंडून 'आई गं' निघत होते, पण ती थांबली नाही. दारातून बाहेर पडल्यावर उन्हाने तिचे डोळे दिपले. तिने हात वर करून कपाळावर धरला. त्याच क्षणी छायाचित्रकाराने फोटो काढला.

फुगे, पाहुणे, प्राचार्य यांच्यामधून वाट काढत आत्या सरळ कोपऱ्यावर गेली. भाजीवाली तिला पाहून उठूनच उभी राहिली. "अगं बाई, तुम्ही! मला वाटलं..."

"नाही, आहे अजून," आत्या म्हणाली आणि टोपलीपाशी बसली. तिने एकेक टोमॅटो उचलला, दाबला, हुंगला, निम्मे परत ठेवले आणि मनसोक्त भांडली. पाना बाजूला उभी राहून पाहत होती. चार वर्षांत तिला एवढा आनंद दुसऱ्या कशाने झाला नव्हता, आणि त्याच्याशी तिच्या खुर्चीचा काहीही संबंध नव्हता.

संध्याकाळी वर जायचा प्रश्न आला. चढणे मोफत होते, परंतु सहयोगींची वेळ संपली होती. शेवटी भाजीवालीच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पाना, यंत्रवाले सर आणि स्लाइड यांनी आत्याला चौथ्या मजल्यावर नेले. सर दर वळणावर टेकत होते. स्लाइड घामाघूम झाला होता, पण आयुष्यात पहिल्यांदाच तो काहीही न दाखवता काम करत होता.

दुसऱ्या दिवशी पानाला नापास केल्याचे कळवण्यात आले. तिसऱ्या दिवशी फोटो छापून आला. उन्हात हात उंचावलेली आत्या, मागे फुगे, खाली ओळ: 'खुर्चीने दिली मोकळी वाट'. मग खुर्चीला नावीन्याचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळालेल्या वस्तूची विद्यार्थिनी नापास ठेवणे संस्थेच्या दृष्टीने गैरसोयीचे होते. फेरतपासणीत 'छेडछाड' या शब्दाऐवजी 'ग्राहककेंद्री हस्तक्षेप' असा शब्द घालण्यात आला आणि पाना पहिली आली.

तिने प्राचार्यांची भेट घेतली. "सर, मला पुरस्कार नको. मोटार द्या. चाकं मी पुन्हा करीन."

"ती आता प्रदर्शनाचा अविभाज्य भाग आहे," प्राचार्य म्हणाले. "ती काढली तर खुर्ची थांबेल. थांबलेली खुर्ची कोण बघणार? बरं, तुझ्या नोकरीचं काय झालं?"

काहीच झाले नव्हते. कारखान्यांनी तिला 'तुम्ही व्यवस्थापनाच्या वाटता' म्हणून परत पाठवले होते आणि कंपन्यांनी 'तुम्ही कारखान्याच्या वाटता' म्हणून. यंत्रवाले सर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी कोणाला घ्यायचे नाही, असे ठरले होते. प्राचार्यांनी जागच्या जागी पानाची प्रवेश-मार्गदर्शक म्हणून नेमणूक केली. पगार बरा होता, आत्याच्या औषधांना पुरत होता. त्या वर्षीही सर्वांना नोकरी लागली.

प्रवेशाचा दिवस उजाडला. पानाचे टेबल फिरत्या खुर्चीच्या शेजारीच मांडले होते. आदल्या रात्री तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. स्वतःहून संस्थेविरुद्ध बोलायचे नाही, कारण नोकरी आहे. पण जो पहिला माणूस येऊन विचारेल की ही खुर्ची खरंच जिना चढते का, त्याला ती सगळे खरे सांगणार होती. मग नोकरी गेली तरी चालेल. उत्तर तिने पाठ करून ठेवले होते.

रांग फाटकाबाहेर गेली होती. शिकलेसवरलेले, चार बुके वाचलेले, जगाला प्रश्न विचारणारे आईबाप होते. एकाने वसतिगृहात गरम पाणी असते का विचारले. एका बाईंनी नोकरीची टक्केवारी विचारली आणि उत्तर ऐकून मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. एका आजोबांनी गणवेशाचा रंग विचारला. पाना प्रत्येक वेळी थोडी पुढे सरकून बसायची आणि उत्तर देऊन पुन्हा मागे टेकायची. खुर्ची संथपणे फिरत होती.

तुम्हीही आला होतात. मुलीला घेऊन. खुर्चीसमोर तिला उभे करून तुम्ही तीनदा फोटो काढलात, कारण पहिल्या दोन फोटोंत खुर्चीची पाठ आली होती. मग तुम्ही खुर्चीकडे बराच वेळ निरखून पाहिलेत, खाली वाकलात, कपाळाला आठ्या घातल्यात. तुम्ही वळून तिच्या टेबलापाशी आलात तेव्हा ती उठून उभी राहिली होती.

"एक विचारायचं होतं," तुम्ही म्हणालात.

"विचारा ना!"

"बाहेर फाटकापाशी गाडी लावलीय. चालेल ना?"